उजव्या बाजूचे तीन सूत

अख्खा बाजार त्याला दोनसूत म्हणतो. खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण पाटी वाचतो कोण!

सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढी जाडी होते. तेवढ्यानं कुणाचं काय अडतं? कुणाचंच नाही. ह्याचं अडतं. कुणाच्या घरी गेला की खुर्चीत टेकायच्या आधी भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणणार, "डावीकडे दोन सूत खाली आहे हो." दातांच्या डॉक्टरकडे तोंड वासून पडला होता, तेव्हासुद्धा वरचा दिवा तिरका आहे म्हणून हातानं खुणा करत होता. डॉक्टरला वाटलं दुखतंय, त्यानं आणखी एक सुई टोचली. बायको तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "सुट्टीला फिरायला गेलो तर सगळे समुद्र बघत होते आणि आमचे हे हॉटेलच्या जिन्याच्या पायऱ्या मोजत होते. एक पायरी म्हणे उंच आहे."

टायरचं दुकान सत्तावीस वर्षांचं. पुढे टायर काढायचं मशीन, मागे छतापर्यंत टायरची चळत, कोपऱ्यात हवेचा कॉम्प्रेसर. तो मध्येच असा धडधडायला लागतो की नवं गिऱ्हाईक दचकून उभं राहतं. कामाला वेळ फार लावतो अशी सगळ्यांची तक्रार, आणि तरी गाडी एका बाजूला ओढायला लागली की सगळे त्याच्याकडेच येणार. गावातली एकही गाडी अशी नसेल जिचं चाक त्याच्या हाताखालून गेलेलं नाही.

एक सोडून. त्या एका गाडीला त्यानं सव्वीस वर्षांत हात लावला नव्हता, आणि ती नेमकी त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या घरी होती.

काय गाडी होती म्हणून सांगू! दोन दारांची, लांब नाकाची, गडद हिरवी. पुढे आठ सिलिंडरचं इंजिन. सुरू केली की शेजारणीच्या कपाटातल्या बशा वाजायच्या, आणि शेजारीण खिडकीत यायची, भांडायला नाही, बघायला. ताईच्या नवऱ्यानं, म्हणजे ह्याच्या भाऊजींनी, ती तरुणपणी भंगारातून उचलली होती आणि स्वतःच्या हातानं उभी केली होती. भाऊजी बसच्या वर्कशॉपमध्ये डेंटर. पत्र्याचं काम त्यांनी करावं आणि बाकीच्यांनी बघत राहावं. चेपलेला पत्रा असा सरळ करायचे की कुठे चेपला होता ते चेपणाऱ्यालाही सापडायचं नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी काय झालं, ते सांगायलाच हवं. ह्यानं तेव्हा नुकतंच दुकान टाकलेलं. अंगात रग, खिशात पट्टी नाही. हो, नाही! तेव्हा तो काहीच मोजायचा नाही, सगळा मामला अंदाजाचा. त्या गाडीचं इंजिन एवढं ताकदवान आणि मागची चाकं ही एवढीशी अरुंद. पाय दाबला की जागच्या जागी गरगरायची. ह्याच्या डोक्यात आलं, मागे रुंद चाकं बसवू. भाऊजी दोन दिवस बाहेरगावी गेलेले. आले की खूश होतील! मग काय, आणली चाकं, चढवली. उजवं बसलं कसंबसं. डावं मडगार्डला घासायला लागलं. शहाण्या माणसानं चाक परत काढलं असतं. ह्यानं लोखंडी हातोडा घेतला आणि आतून वीस-पंचवीस ठोके घातले.

भाऊजी आले. त्यांनी त्या पत्र्यावरून हात फिरवला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात एवढंच म्हणाले, "माझ्या गाडीला पुन्हा हात लावू नकोस." रुंद चाकं काढून टाकली, जुनी लावली आणि पुढे वर्षभर, रोज कामावरून आल्यावर, तो डावा पत्रा सरळ करत बसले.

त्या दिवसापासून हा माणूस मोजायला लागला. टायर मोजायला लागला, मग दारं, मग खिडक्या, मग जगातलं जे दिसेल ते. लोकांना वाटतं स्वभाव आहे. स्वभाव कसला, धसका होता तो.

घरी येणंजाणं चालूच होतं. वाढदिवस, आजारपणं, सगळ्याला भाऊजी आणि हा शेजारी शेजारी बसायचे. हवापाण्यावर बोलायचे, गुडघेदुखीवर बोलायचे. गाडीचा विषय निघाला की ह्याला अचानक पाणी प्यायचं असायचं. आणि हिरवी गाडी हवा भरायला ह्याच्या दुकानासमोरून पुढे, चौकातल्या दुसऱ्या दुकानात जायची. दर वेळी तो हातातलं काम थांबवून ती वळेपर्यंत बघत राहायचा. वाईट वाटायचं. फार वाईट वाटायचं.

तर अशातच ताईचा फोन आला.

ताई शाळेत खेळाची बाई होती. रिटायर झाली तरी आवाज झाला नाही. फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी चालतो. भाऊजींचे हात थरथरायला लागल्यापासून गाडी तीच चालवते. गावाबाहेर एक जुनी धावपट्टी आहे, विमानं कधीच बंद झालेली. वर्षातून एकदा तिथे जुन्या गाड्या दोन-दोन करून सोडतात, चारशे मीटर, कोण आधी पोचतंय बघायला. ताई सहा वर्षं जातेय. सहाही वर्षं तेच. हिरवा दिवा लागला की मागची चाकं जागेवरच गरगर फिरणार, पांढऱ्या धुराचा लोट उठणार, माइकवाला ओरडणार, "आलं आलं, ताईंचं धुराडं आलं!" आणि लोक पोट धरून हसणार. गेल्या वर्षी तर अर्ध्या ताकदीची एक पांढरी डबी तिच्या पुढे निघून गेली.

"ऐकतोयस का?" ताई म्हणाली. "यंदा मला धूर नकोय. मागे रुंद चाकं बसवायची. तू बसवायचीस."

"मी?" ह्याच्या हातातला पाना खाली पडला. "आणि भाऊजी?"

"तेच म्हणाले तुला बोलाव. आता अट ऐक. पत्र्याला हात लावायचा नाही. एक ठोका नाही. नाहीतर म्हणाले, पुन्हा विचारणार नाही. कळलं?"

"कळलं, ताई. कळलं, कळलं, कळलं!"

फोन ठेवला आणि छपन्न वर्षांचा बाप्या टायरच्या चळतीवर बसून दोन्ही हातांनी मांड्या बडवायला लागला. समोर गिऱ्हाईक उभं. त्याला वाटलं ह्याला मुंग्या चावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पट्टी, गुण्या, ओळंबा असा सगळा सरंजाम घेऊन ताईच्या गॅरेजमध्ये हजर. भाऊजी स्टुलावर बसले होते, थरथरणारे हात गुडघ्यांमध्ये दाबून. "ये," म्हणाले. बस्स, एवढंच. ह्याच्या छातीत मात्र कॉम्प्रेसर सुरू झाला.

त्यानं जॅक एक्सलखाली लावला. बॉडीखाली लावला तर चाक लोंबकळतं आणि माप खोटं येतं. गाडी स्वतःच्या वजनावर बसलेली हवी. त्यासाठी त्यानं ताईलाही आत बसवली.

"माझं वजन मोजतोस होय रे मेल्या?"

"मोजत नाही गं, धरतो नुसतं."

आतल्या बाजूला स्प्रिंगचे पाटे, बाहेरच्या बाजूला मडगार्डची कड, आणि मधल्या जागेत नवं चाक बसवायचं. जुना टायर साडेआठ इंच रुंद होता, नवा सव्वाअकरा. आत चार सूत मोकळे सोडायचे, बाहेर तीन सूत. गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून, पाठीवर पडून त्यानं डाव्या चाकावरच्या कमानीचा तो पत्रा मोजला. वर, मध्ये, खाली, पुन्हा वर. अकरा वेळा. अकरा वेळा आकडा तोच. बसत होतं! एक ठोका न घालता बसत होतं!

"बघितलंस ना नीट?" भाऊजींनी विचारलं.

"अकरा वेळा, भाऊजी," तो म्हणाला. खोटं नव्हतंच ते.

मापं घेऊन तो थेट लेथवाल्याकडे गेला. लेथवाला त्याचा जुना दोस्त. लोखंडी रिम रुंद करून मधली तबकडी नेमकी जिथे हवी तिथे वेल्डिंग करून देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. एकदा वेल्डिंग झालं की झालं. तबकडी हलत नाही. "आकडे पक्के ना?" त्यानं विचारलं. ह्यानं नुसतं बघितलं त्याच्याकडे. दोनसूतला हा प्रश्न!

रविवारी धावपट्टी, म्हणून चाकं शनिवारी सकाळी चढवायची ठरली. काळे कुळकुळीत, जाडजूड टायर बघून ताईनं लहान मुलीसारखी उडी मारली. डावं चाक लावलं, नट आवळले, जॅक हळूहळू सोडला. गाडी बसली. कमान टायरवर अशी आली की बघत राहावं. त्यानं तीन सुताची लाकडी पट्टी आत घातली आणि कडेकडेनं फिरवली. कुठे अडली नाही.

"अगं बाई!" ताई म्हणाली. "काय दिसतंय रे!"

भाऊजी स्टूल उचलून जरा जवळ आणून बसले. ह्याला आकाश ठेंगणं झालं.

मग उजवं. चाक लावलं, नट आवळले, जॅक सोडला. गाडी खाली येत गेली, येत गेली, आणि अगदी शेवटी आवाज आला. कर्र.

त्यानं लाकडी पट्टी लावून बघितली, जाईना. कागद लावून बघितला, तोही जाईना. मडगार्डची कड टायरवर टेकली होती.

"काय झालं?" ताई म्हणाली.

ह्याच्या तोंडचं पाणी पळालं. "ताई, मी उजवीकडे मोजलंच नाही."

"काय?"

"उजवीकडे मोजलं नाही गं!"

आणि खरंच मोजलं नव्हतं. सव्वीस वर्षं त्याच्या डोक्यात फक्त डावी बाजू होती. डावीकडे त्यानं माती खाल्ली होती, भीती होती ती डावीकडची. उजवीकडे ठोका पडलेला नव्हता, ती कारखान्यातून आली तशीच होती, तिचं काय मोजायचं! साऱ्या जगाच्या फोटोफ्रेमा मोजणारा माणूस एका गाडीची दुसरी बाजू मोजायला विसरला.

ताईनं मग जे तोंड सोडलं ते इथे लिहीत नाही. शाळेतली मुलं तिला का टरकून असायची ते शेजारणीला त्या दिवशी कळलं. लेथवाल्याला फोन लावला, तर तो सासुरवाडीला गेलेला, सोमवारी येणार. आता मार्ग एकच उरला होता, आणि तो नाही म्हणून सांगितलेला होता. पत्रा.

ह्याला बसवेना. असं कसं झालं? त्यानं ओळंबा सोडला, गाडीच्या मधोमध खडूची रेघ ओढली आणि एक्सल मोजला. कधी कधी एक्सलच एका बाजूला सरकलेला असतो. तो नव्हता, बरोबर मध्यावर. मग त्याच रेघेपासून त्यानं दोन्ही मडगार्डं मोजली. एकदा मोजली, चष्मा पुसला, पुन्हा मोजली. डावं मडगार्ड उजव्यापेक्षा तीन सूत बाहेर होतं. गाडीच्या दोन्ही बाजू एकदम कुणी बघत नाही, म्हणून कधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

म्हणजे हे त्याचंच कर्म. वर्षभर खपूनही भाऊजींना ते पुरतं निस्तरता आलं नव्हतं.

तो उठून भाऊजींपुढे उभा राहिला. डोळे भरून आले होते, लाज वाटत होती. "भाऊजी, माफ करा. मी तेव्हा एवढं ठोकलं की डावा पत्रा शेवटपर्यंत आत गेलाच नाही. तीन सूत बाहेर राहिलाय."

भाऊजी ताडकन उभे राहिले. इतक्या वर्षांत इतक्या पटकन उभं राहिलेलं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

"राहिलाय?" ते कडाडले. "माझ्या हातचा पत्रा तीन सूत बाहेर राहील? तू मला समजतोस काय? अरे, राहिला नाही. ठेवलाय!"

"ठेवलाय?"

"मग! मुद्दाम ठेवलाय. तुझ्यासारखा हट्टी माणूस रुंद चाकं घेऊन आज ना उद्या परत येणार, हे काय मला कळत नव्हतं? पहिले सहा महिने राग होता, खोटं कशाला बोलू. रोज तुला शिव्या देत ठोकायचो. पुढे पत्रा हाताला यायला लागला तसा राग गेला. म्हटलं, करतोच आहोत तर पोराला जागा ठेवू. तीन सूत ठेवले. वर्षभर वाट बघितली, तू येशील म्हणून."

"पण तुम्हीच म्हणालात ना, हात लावू नकोस!"

"म्हणालो! रागानं माणूस म्हणतो. तू एकदा तरी विचारलंस? गाडीचा विषय काढला की तू पाणी प्यायला पळायचास."

ताई दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "म्हणजे पंचवीस वर्षं तुम्ही दोघं... देवा रे! कुणाच्या पदरात पडले मी?"

हा खाली बसला. जमिनीवरच बसला. हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम येत असल्यानं नाक गळत होतं. "मग भाऊजी," तो म्हणाला, "उजवीकडे का नाही ठेवलेत?"

"उजवीकडे तू कुठे ठोकलं होतंस! चांगला पत्रा उगाच कोण उघडतो? दोन्हीकडे ठोकलं असतंस तर दोन्हीकडे ठेवले असते. आणि मला वाटलं, तू मोजशील. दोनसूत म्हणे!"

मग भाऊजी कोपऱ्यातल्या पेटीकडे गेले. आतून लाकडी हातोडा काढला, दांडा वर्षानुवर्षांच्या घामानं काळा पडलेला. हात थरथरत होता, त्याबरोबर हातोडाही. त्यांनी तो ह्याच्यापुढे धरला.

"धर. उजवी बाजू तू कर."

"मी नाही. अट होती."

"अट मी घातली, मीच काढली. माझ्या हातात आता ठोका राहिला नाही रे. पण कान शाबूत आहे आणि तळवा शाबूत आहे. मी सांगतो तसा मार."

चाक उतरवलं. ताईनं आपला केस वाळवायचा ड्रायर आणला आणि रंग तडकू नये म्हणून पत्र्यावर गरम हवा सोडत उभी राहिली. हा कमानीखाली पाठीवर पडला. भाऊजींनी बाहेरून पत्र्यावर तळवा टेकला, आणि हे ह्यानं नंतर बायकोला दहा वेळा सांगितलं, पत्र्यावर टेकल्याबरोबर तो हात थरथरायचा थांबला.

"मार. हलका. अरे हलका म्हणजे हलका! पत्र्याला उठवायचंय, मारायचं नाहीये. हां. आता दोन बोटं पुढे. हां. पुन्हा. बस!"

आधी आतली दुमडलेली कड वर दाबली, मग पत्रा केसाकेसानं बाहेर घेतला. पाऊण सूत. दीड सूत. अडीच. तीन तास लागले. ताईचे हात भरून आले, ड्रायर दोनदा तापून बंद पडला, दोनदा तिनं त्याला दम देऊन सुरू केला. रंगावर एक चरा नाही. शेवटी चाक चढवलं, गाडी खाली सोडली आणि लाकडी पट्टी कमानीतून सरसर फिरली. तीन सूत! डावीकडे तीन, उजवीकडे तीन!

रविवारी धावपट्टीवर कोण गर्दी. शेजारच्या पट्ट्यात नेमकी तीच पांढरी डबी. माइकवाल्यानं गाडी बघितली आणि खुशीत येऊन म्हणाला, "सज्ज व्हा मंडळी, धुराडं—"

हिरवा दिवा लागला.

धूर आलाच नाही. मागची चाकं जमिनीला चिकटली, गाडीचं लांब नाक वर उचललं गेलं आणि ताई गेली! अशी गेली, अशी गेली की माइकवाल्याचं वाक्य तसंच तोंडात राहिलं. आवाज मागाहून आला, छातीत घुसला. पांढरी डबी कुठे राहिली ते बघायला कुणाला सवड होती! हा आणि भाऊजी एकमेकांचा हात धरून कुंपणाच्या कडेनं पळत सुटले, एकाचे गुडघे दुखणारे, दुसऱ्याचा श्वास पुरत नव्हता, आणि दोघं ओरडत होते, "दाब! दाब! दाब!" जणू तिला ऐकूच येणार होतं. पाटीवर आकडा लागला: तेरा पूर्णांक दोन सेकंद. गेल्या वर्षी सोळाच्या वर लागले होते.

ताई गाडी वळवून आली, दार उघडून बाहेर आली आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. तिच्या! बोनेटवर दोन्ही हात ठेवून ती नुसती हसत सुटली.

भाऊजींनी आकड्याकडे बघितलंही नाही. ते उजव्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि कमानीच्या आतून बोट फिरवलं. रबराचा डाग नव्हता, घासल्याची खूण नव्हती. हा शेजारी उभा.

मग त्यांनी टायरवर मुठीनं हलकंसं ठोकलं आणि वर न बघता म्हणाले, "मागे हवा जरा कमी वाटतेय रे. जाताना तुझ्या दुकानावर थांबू."

हवा बरोबर होती. त्या सकाळी त्यानं ती चार वेळा तपासली होती, चारही वेळा काटा तोच.

"हो भाऊजी," दोनसूत म्हणाला, "थोडी कमीच आहे."